हर्पीस विषाणूंवर संशोधनाची कारकीर्द: हा विषय आता जुना झाला आहे का?

नवसंशोधक

माझी सूक्ष्मजीवशास्त्रातील एम.एस्सी. पूर्ण होत आली असून पीएचडीचा विषय निवडण्याची वेळ आली आहे. विषाणू शरीरात रोग नेमका कसा घडवतो, हा प्रश्न मला पहिल्यापासून खुणावतो आणि त्यातही हर्पीस कुलाकडे माझा कल आहे. मात्र अनुभवी मंडळींपैकी काहींनी मला सावध केले. त्यांच्या मते असायक्लोव्हिर हे हर्पीसवरील औषध १९७० च्या दशकातच हाती आले, नागिणीवर लस उपलब्ध आहे आणि निधीचा ओघ नव्याने उद्भवणाऱ्या विषाणूंकडे वळला आहे; त्यामुळे या कुलात मूलभूत असे फारसे काही उरलेले नाही. हे कितपत खरे आहे? शिवाय ‘रोगकारकतेचा अभ्यास’ म्हणजे प्रयोगशाळेत प्रत्यक्षात काय करावे लागते, हेही जाणकारांनी सांगावे.

चेतापेशी

असायक्लोव्हिरचे उदाहरण देऊन विषय संपल्याचे सांगणारे त्या औषधाची अर्धीच गोष्ट सांगत आहेत. विषाणूच्या स्वतःच्या थायमिडीन कायनेज या विकराने (एन्झाइमने) सक्रिय केल्याखेरीज हे औषध काम करत नाही आणि सक्रिय झाल्यावरही ते डीएनएची नक्कल तयार होत असतानाच आड येते. गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये ज्या कार्यासाठी नोबेल मिळाले त्यात या औषधाचा मोठा वाटा होता, आणि तो मान रास्तच आहे. परंतु चेतापेशीत सुप्त बसलेला विषाणू नक्कल करतच नसल्यामुळे हे औषध त्याला स्पर्शही करू शकत नाही. विषाणू मज्जागुच्छांत, म्हणजे चेतापेशींच्या गाठींत, दडून राहत असावा, असे अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९२९ मध्येच सुचवले होते. स्टीव्हन्स आणि कुक यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मज्जागुच्छांत तो सुप्त असल्याचे प्रयोगाने दाखवले. तेव्हापासून आजवर सुप्त विषाणूला शरीरातून समूळ काढून टाकणारे औषध वापरात आलेले नाही. ज्या विषयातील मध्यवर्ती प्रश्न अजून अनुत्तरित आहे त्याला संपलेला म्हणणे मला पटत नाही.

आता दुसरा प्रश्न. रोगकारकतेच्या अभ्यासाची रीत समजून घ्यायची असेल तर हर्पीस सिम्प्लेक्सच्या (ओठावर फोड आणणाऱ्या विषाणूच्या) गॅमा ३४.५ या जनुकाचा इतिहास पाहावा. शिकागोमध्ये बर्नार्ड रॉइझमन यांच्या गटाने १९९० मध्ये दाखवले की हे जनुक काढून टाकलेला विषाणू पेशीसंवर्धनात वाढतो, पण मूळ विषाणूच्या प्राणघातक मात्रेपेक्षा कितीतरी अधिक मात्रा थेट मेंदूत टोचली तरी उंदीर मरत नाहीत. येथे थांबून चालत नाही. जनुक काढताना जनुकसंचात दुसरीकडे काही बिघडले नसेल कशावरून? म्हणून तेच जनुक जागेवर परत बसवून मारकता परत येते का, हे पाहावे लागते. रोगकारकतेच्या कोणत्याही पेपरात मी सर्वप्रथम हा पूर्ववत केलेला विषाणू शोधतो, आणि तो नसेल तर पुढचे निष्कर्ष राखूनच वाचतो.

त्यापुढचा टप्पा मला अधिक देखणा वाटतो. विषाणूचा शिरकाव झाल्याचे ओळखून पेशी आपल्या पीकेआर या प्रथिनामार्फत सगळे प्रथिननिर्माण थांबवते आणि गॅमा ३४.५ ते पुन्हा सुरू करून देते, हे पुढे स्पष्ट झाले. तसे असेल तर ज्या उंदरांत पीकेआरच नाही त्यांच्यात हा दुबळा विषाणू पुन्हा मारक ठरायला हवा. डेव्हिड लाइब आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तसे घडत असल्याचे दाखवले. एक जनुक विषाणूतून काढले की रोग जातो आणि त्याच्या समोरचे जनुक यजमानातून काढले की रोग परत येतो. रोगाची कारणमीमांसा याहून स्वच्छ क्वचितच मांडता येते. कर्करोगाच्या अनेक पेशींचा हाच बचाव कमकुवत झालेला असल्याने गॅमा ३४.५ नसलेला विषाणू त्यांच्यात वाढू शकतो, आणि त्यावर आधारित उपचाराला अमेरिकेत २०१५ मध्ये मेलॅनोमासाठी (त्वचेच्या एका कर्करोगासाठी) मान्यता मिळाली. निधी देणाऱ्यांशी बोलताना हे उदाहरण हाताशी असावे.

रोजचे काम मात्र याहून बरेच साधे असते. व्हेरो पेशींचा (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींचा) एकसंध थर, त्यावर विरल केलेला विषाणू, वर मेथिलसेल्युलोजचा घट्ट लेप, दोन-तीन दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटचा रंग, आणि मग जांभळ्या थरातील पांढरे ठिपके, म्हणजे विषाणूने पेशी मारलेल्या जागा, मोजत बसणे. हे ठिपके मोजण्याचा कंटाळा येत असेल तर आताच विचार करावा.

रुग्णकक्ष

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. उंदीर हा हर्पीस सिम्प्लेक्सचा नैसर्गिक यजमान नाही, आणि माणसांत ओठावर पुन्हापुन्हा येणारे फोड उंदरांत सहसा आपोआप उद्भवत नाहीत. मला रुग्णांच्या बाजूने पडणारा प्रश्न वेगळा आहे: जगातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात हर्पीस सिम्प्लेक्स-१ असताना मेंदूदाह इतक्या मोजक्या लोकांनाच का होतो? ज्याँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाने २००७ मध्ये असा मेंदूदाह झालेल्या काही मुलांत टीएलआर३ या, विषाणूची चाहूल घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात दोष असल्याचे दाखवले. लक्षणीय बाब ही की या मुलांना इतर संसर्गांचा तसा विशेष त्रास नव्हता. म्हणजे विषाणू तोच आणि रोगाचे कारण बऱ्याच अंशी यजमानात. केवळ विषाणूची जनुके एकेक करून काढत गेल्याने हे कधीच समजले नसते.

याच कुलातील एपस्टाइन-बार विषाणूचेही तसेच. एपस्टाइन, अचॉन्ग आणि बार यांनी १९६४ मध्ये तो बर्किट लिम्फोमा या लसिका-कर्करोगाच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मल्टिपल स्क्लेरॉसिस या चेतासंस्थेच्या रोगाशी त्याचा संबंध ठामपणे पुढे यायला मात्र २०२२ उजाडले. अमेरिकी सैन्यदलातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या त्या अभ्यासात या विषाणूच्या संसर्गानंतर रोगाचा धोका ३२ पटींनी वाढलेला आढळला. तुलनेसाठी घेतलेल्या सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गानंतर तशी वाढ दिसली नाही, आणि माझ्या मते त्या निष्कर्षाचे वजन या तुलनेत आहे. सायटोमेगॅलो हाही हर्पीसच, तोही आयुष्यभर शरीरात राहणारा. पीएचडीसाठी मी आपल्याला याच दिशेने ढकलेन.

प्लाकमोजणी

विषय निवडताना विषाणूचा स्वभावही विचारात घ्यावा, कारण आपली पाच-सहा वर्षे त्याच्या वेगाने जाणार आहेत. हर्पीस सिम्प्लेक्स एका दिवसात आपले चक्र उरकतो. मानवी सायटोमेगॅलोचे ठिपके दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तो उंदरांना लागतच नाही, त्यामुळे प्राण्यांवरील काम उंदरांच्या वेगळ्या सायटोमेगॅलोवर करावे लागते. कांजिण्यांचा विषाणू पेशीला इतका चिकटून राहतो की पेशीमुक्त साठा पुरेसा मिळवणे हेच एक काम होऊन बसते. एपस्टाइन-बार बी पेशींत (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींत) शिरला की त्यांना अमर करून टाकतो, पण त्याच्याकडून नवे विषाणू तयार करून घेणे जिकिरीचे असते. प्रयोग फसला तर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा करता येणे ही नवख्या माणसासाठी छोटी गोष्ट नव्हे.

नवसंशोधक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. विषाणूच्या बाजूने जावे की यजमानाच्या, हे पीएचडीच्या सुरुवातीलाच ठरवावे लागते का? मी ज्या दोन गटांशी बोलतो आहे त्यांपैकी एक विषाणूच्या जनुकांवर काम करतो, तर दुसरा रुग्णांच्या नमुन्यांवर.

चेतापेशी

कायमचे ठरवावे लागत नाही; पीएचडीनंतर पोस्टडॉकसाठी बाजू बदलणारे पुष्कळ असतात. ‘रुग्णकक्ष’ यांचा आक्षेप मला मान्य आहे, परंतु त्यांच्याच उदाहरणातील टीएलआर३ चा दोष खरोखर कारण आहे हे पटवण्यासाठी शेवटी पेशींना विषाणूचा संसर्ग करून पाहावाच लागला, हेही विसरून चालणार नाही. हे हातांचे कौशल्य आधी कमवावे, असे माझे मत. विषाणूचा जनुकसंच जीवाणूत कृत्रिम गुणसूत्र म्हणून ठेवून त्यात हवा तो बदल करण्याची पद्धत १९९७ मध्ये उंदरांच्या सायटोमेगॅलोवर प्रथम साधली आणि आता ती बहुतेक हर्पीस विषाणूंसाठी रुळली आहे. पहिल्या गटात ही पद्धत नियमित चालते का, आणि मागच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत पूर्ववत केलेले विषाणू आहेत का, हे प्रवेशापूर्वी पाहून घ्यावे. दुसऱ्या गटाला विचारायचे ते एवढेच की नमुने आधीच साठवलेले आहेत की आपण आल्यावर गोळा होणार आहेत. नंतर गोळा होणार असतील तर पहिली दोन वर्षे मान्यता आणि संमतिपत्रांतच जाण्याची शक्यता मोठी आहे.