‘कारण’ दिसलं की युक्तिवाद असतोच असं नाही
एका ताईंनी लिहिलंय की वाक्यात ‘कारण’ आलं की त्याच्या पुढचं आधारविधान (म्हणजे ज्याच्या जोरावर काही पटवायचं ते विधान) आणि आधीचा निष्कर्ष समजायचा. बहुतेकदा चालतं, पण हे बघा: ‘२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, कारण मांजरा धरण आटलं होतं.’ यात युक्तिवाद नाही. रेल्वे आली हे सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे, ते कुणाला पटवायचंच नाहीये. का आली एवढंच सांगितलंय, म्हणून हे स्पष्टीकरण. ‘कारण’च्या आधीचं विधान पटवून द्यायचं असेल, तरच युक्तिवाद.

खरी गंमत न बोललेल्या आधारविधानांत असते. दिवाळीआधी सोयाबीन घेऊन मोंढ्यात गेलो होतो. आडत्यानं दोन-चार दाणे दाताखाली धरले अन् म्हणाला, “दाणा मऊ लागतोय, भाव कमी पडंल.” मधली दोन विधानं गड्यानं गिळूनच टाकली: मऊ दाणा म्हणजे ओलावा बारा टक्क्यांच्या वर, आणि बाराच्या वर ओलावा म्हणजे भाव कमी. ती मांडली की युक्तिवाद वैध ठरतो. वैध म्हणजे, आधारविधानं खरी मानली तर निष्कर्ष नाकारता येत नाही. पण वैध असला म्हणून आधारविधानं खरी होत नाहीत. मी म्हटलं, मीटर लावा. ओलावा ११.४ टक्के निघाला. म्हणजे मांडणी धड, पण ‘मऊ म्हणजे बाराच्या वर’ हेच खोटं.

भाव शेवटी पन्नासच रुपयांनी वाढला, ते सोडा.