आठ ओळींचा ‘औदुंबर’ मनातून का हलत नाही?

प्रश्न
आठवीत शिकणाऱ्या भाचीला परवा बालकवींची ‘औदुंबर’ वाचून दाखवली. अवघ्या आठ ओळी: झरा, टेकडीकडचे गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि शेवटी झाड. तिने विचारले, “मावशी, यात घडते काय?” मला उत्तर देता आले नाही, आणि तरीही ही कविता कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून आहे. इतक्या साध्या वर्णनात असे काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १
भाचीचा प्रश्न अगदी योग्य आहे. क्रियापदे पाहावीत. झरा वाहतो, पायवाट डोहाकडे ‘चालली’ आहे, काळिमा लाटांवर पसरतो, आणि या साऱ्या हालचालीच्या शेवटी कोणीतरी नुसते बसलेले आहे. चार घरे आहेत, मळे आहेत, म्हणजे माणसांचा वावर आहे. पण माणूस एकही दिसत नाही. चालायचे ते वाट चालते आणि पाण्यात पाय टाकून बसायचे ते झाड बसते. शीर्षकात नाव वाचलेले असूनही शेवटच्या शब्दापर्यंत आपण त्या झाडाला विसरलेले असतो, हे मला या रचनेचे खरे सामर्थ्य वाटते.

प्रतिसाद २
प्रत्येक ओळीत 16 आणि 11 मात्रांचे दोन भाग आहेत, आणि ‘झाकळुनी जल गोड काळिमा पसरी लाटांवर’ या सातव्या ओळीत पहिल्या आठ मात्रांवर, ‘झाकळुनी जल’पाशी, आवाज क्षणभर थांबतो. त्यामुळे ‘गोड’ हे विशेषण पाण्याला न लागता काळिम्याला लागते, आणि काळ्या डोहाचे भय निवते. बालकवी 1918 साली, वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, भादलीजवळ रेल्वे अपघातात गेले, म्हणून या डोहात मृत्यूची चाहूल शोधणे मला पटत नाही. पुढे घडलेल्या गोष्टीचे ओझे आधी लिहिलेल्या ओळींवर घालू नये.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. पुन्हा वाचताना ‘झाकळुनी जल’पाशी नक्की थांबेन. ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’ या शेवटच्या ओळीतल्या ‘असला’ या शब्दाशी मात्र मी अजून अडते. आपण तो कसा वाचता?

प्रतिसाद १
बोट दाखवून म्हटल्यासारखा: असा हा औदुंबर. आधीच्या सात ओळींत पाहणारा कोठेच नाही. या एका शब्दाने तो काठावर उभा असल्याचे कळते.