तंत्रशिक्षणावरचा पैसा नेमका कुठे घालावा?

मुलुंडकर: राज्याच्या अर्थकारणाला बळ द्यायचे तर विज्ञान-तंत्रशिक्षणावर खर्च वाढवावा, याविषयी दुमत नाही, परंतु तो नव्या संस्थांवर करावा की असलेल्या प्रयोगशाळांवर? मुंबईचा अनुभव काय सांगतो?

गिरणगावकर: १८८७ मध्ये व्हीजेटीआय (व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट) ही तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली, तेव्हा कापडगिरण्यांना यंत्रे समजणारी माणसे हवी होती. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आजची माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), उघडला. तिथेही आरंभीच्या विषयांत वस्त्ररसायन होते. उद्योगाची गरज आणि अभ्यासक्रम एकमेकांच्या शेजारी असल्यामुळे या संस्था रुजल्या, नुसत्या इमारतींमुळे नव्हे.

सांख्यिकीप्रेमी: मान्य, मात्र शिकलेला माणूस राज्यातच राहील, हे गृहीत धरू नये. याच विभागात शिकलेल्या अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज ही औषधकंपनी उभी केली ती हैदराबादेत. (त्यात गैर काही नाही, पण हिशेब मांडताना ते विसरता येत नाही.) शिक्षणासोबत जागा, वीज आणि भांडवल यांचीही सोय लागते.

प्रयोगशाळा-सहायक: माझे मत असलेल्या प्रयोगशाळांच्या बाजूने आहे. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात एका ब्युरेटभोवती (द्रव मोजून सोडण्याची काचनळी) पाच-सहा विद्यार्थी उभे असतात, त्याची तोटी गळते, आणि अनुमापनाची (द्रावणाची तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाची) वाचने अखेर एकाच्या वहीतून सर्वांच्या वहीत उतरतात. हीच मुले पुढे औषधकंपनीच्या गुणवत्ता-नियंत्रण विभागात नोकरीला जाणार आहेत. काचसामान आणि सहायकांची रिक्त पदे यांची तरतूद आधी व्हावी. नव्या संस्थेचा विचार त्यानंतर.