आर१५ व्ही३ला घरी बनवलेला टेल टायडी: पत्रा, टायरपासूनचं अंतर आणि इंडिकेटर

कानस_आणि_पाना

गाडी यामाहा आर१५ व्ही३. मागचा लांब मडगार्ड काढून त्या जागी स्वतः बनवलेला छोटा ब्रॅकेट (यालाच टेल टायडी म्हणतात) बसवायचा आहे. बाजारातले तयार ब्रॅकेट पाहिले. बरेचसे पातळ पत्र्याचे आहेत आणि त्यात नंबर प्लेट अगदी टायरच्या डोक्यावर येते. माझ्याकडे वाइस, हँड ड्रिल, कानशी आणि ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा आहे. वेल्डिंगची सोय नाही. सोबत छोटे एलईडी इंडिकेटर लावायचेत.

३ मिमी पत्रा पुरेल का? प्लेट किती वर घेता येते? आणि एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर का लुकलुकतात? एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) आहे तशीच ठेवायची आहे. पावसाळ्यातही गाडी रोज चालते.

पत्राकाम

३ मिमी पुरतो, पण पत्रा कोणत्या ग्रेडचा आहे ते आधी बघा. ५०५२ असेल तर निर्धास्त वाकवा. ६०६१-टी६ असेल तर काटकोनात वाकवताना बाहेरच्या अंगाला तडा जातो, कधी लगेच, कधी महिन्याभराच्या थरथरीनंतर. अ‍ॅक्रिलिकचा तर विचारच नको. २ मिमी लोखंडी पत्राही चालतो, फक्त वजन जवळपास दुप्पट: १०० बाय २५० मिमीचा तुकडा ३ मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण २०० ग्रॅम, २ मिमी लोखंडात ३९० ग्रॅम.

पत्रा कापण्याआधी खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा करा. सीट आणि टेलचे पॅनल काढा, मडगार्ड सोडवा आणि त्याची मूळ भोकं पुठ्ठ्यावर उतरवा. नवीन भोकं गाडीला पाडायची नाहीत, मूळ बोल्टचीच ठिकाणं वापरायची.

वाकवायच्या रेषेवर स्क्राइबरने ओरखडा काढू नका, मार्करनेच आखा. सिंगल सिलिंडरच्या थरथरीत तडा नेमका त्या ओरखड्यापासून सुरू होतो. वाइसच्या जबड्यांत दोन अँगलच्या पट्ट्या घालून पत्रा मधे धरा आणि लाकडी हातोडीने हळूहळू वाकवा. आतली गोलाई ४-५ मिमी ठेवा. दोन्ही कडांना १५ मिमीची दुमड द्या. सपाट पत्रा शेपटासारखा हलत राहतो, दुमड आली की ताठ होतो. दुमड आणि मुख्य बाक जिथे मिळतात त्या कोपऱ्यात आधीच ५ मिमीचं भोक पाडून ठेवा, म्हणजे तिथे पत्रा फाटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टायरपासूनचं अंतर. गाडी उभी असताना दिसणारी जागा फसवी असते. मागे माणूस बसून खड्ड्यात आदळल्यावर चाक जिथवर येतं, तिथून मोजायचं. त्यासाठी मोनोशॉक (मागचा एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर) काढा. मागचं चाक उचलणारा पॅडॉक स्टँड स्विंगआर्मला (चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याला) धरतो, म्हणून इथे तो कामाचा नाही. गाडीला फ्रेमखाली भक्कम आधार द्या. शॉकच्या दोन्ही बोल्टांच्या मध्यांतलं अंतर मोजा. त्यातून शॉकची बॉडी आणि रबरी स्टॉप यांच्यामधला उघडा दांडा वजा करा, शिवाय रबराची अर्धी जाडीही, कारण ते दबतं. उरलेल्या लांबीची लोखंडी पट्टी शॉकच्या जागी बसवली की चाक शेवटच्या टोकाला उभं राहतं. त्या स्थितीत टायर आणि प्लेटची खालची कड (बोल्टची टोकं धरून) यांत २५ मिमी तरी हवेत. एक्सल अ‍ॅडजस्टरच्या पार मागच्या टोकाला नेऊनही बघा; चेन ताणली की चाक मागे सरकतं आणि हे हमखास विसरलं जातं.

तांबडी_वायर

इंडिकेटरचं कारण सोपं आहे. बल्बवर किती वॅट लिहिलंय ते बघा. १० वॅटचे असतील तर एका बाजूचे दोन मिळून २० वॅट. मागचा बल्ब काढून एक-दीड वॅटचा एलईडी लावला की लोड जवळपास अर्ध्यावर येतो. रिलेला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या स्विचला) वाटतं बल्ब उडाला, आणि तो वेग वाढवतो. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक रिले घ्या, मूळ रिलेइतक्याच पिनांचा आणि त्याच क्रमाचा. रेझिस्टर लावायचाच असेल तर दर बाजूला १५ ओहम, २५ वॅटचा, इंडिकेटरला समांतर. तो इतका तापतो की प्लास्टिक वितळेल, म्हणून फ्रेमच्या धातूवर स्क्रूने बसवा. माझं मत रिलेच्याच बाजूने आहे.

चारही इंडिकेटर एलईडी केले आणि मीटरवर डावी-उजवी मिळून एकच दिवा असेल, तर कधीकधी एक बाजू चालू केली की चारही लुकलुकतात. त्या दिव्यातून करंट दुसऱ्या बाजूला जातो. उपाय: दोन १एन४००७ डायोड. डाव्या वायरमधून एक, उजव्या वायरमधून एक, दोघांची रंगीत पट्टी असलेली टोकं एकत्र करून दिव्याला, आणि दिव्याचं दुसरं टोक ग्राउंडला.

मूळ हार्नेस (गाडीची वायरिंग) कापू नका. जुन्या इंडिकेटरसारखेच बुलेट कनेक्टर घेऊन ०.५ चौ. मिमी वायरचे छोटे तुकडे तयार करा. यामाहात चॉकलेटी वायर डावीकडची, गडद हिरवी उजवीकडची, काळी ग्राउंड. तरी मल्टिमीटरने खात्री करा, कारण एलईडी उलटा जोडला तर लागणारच नाही. सांध्यावर आत डिंक असलेली हीटश्रिंक नळी चढवा. नुसत्या टेपमध्ये पहिल्याच पावसात पाणी शिरतं.

घाटमाथा_४११

मडगार्ड काढला की टायरवरचा चिखल सरळ टेललाइटच्या मागे आणि सीटखालच्या कनेक्टरांवर येतो. ब्रॅकेटच्या पुढे जी फट उरते ती २ मिमी एबीएस प्लास्टिकची शीट कापून बंद करा, आणि वायर जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट घाला. रोज पावसात चालवणार असाल तर स्विंगआर्मवर बसणारा छोटा हगरही (टायरलगतचा मडगार्ड) लावा, नाहीतर मागे बसणाऱ्याची पाठ भरलीच. साडी गार्ड मात्र काढू नका. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असणं नियमातच आहे.

एचएसआरपीचा स्नॅप लॉक (प्लेट जखडणारी खास पिन) एकदा निघाला की पुन्हा लागत नाही. प्लेट ज्या होल्डरवर आहे तो होल्डर लॉकसकट काढा आणि नव्या ब्रॅकेटला मागून बोल्ट करा. प्लेटला भोक पाडू नका, वाकवू नका. उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कलही देऊ नका. जुन्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर आणि नंबरवर पडणारा पांढरा दिवा, दोन्ही नव्या ब्रॅकेटवर आलेच पाहिजेत. तयार ब्रॅकेटांत नेमक्या याच दोन गोष्टी गाळलेल्या असतात. बोल्टच्या आकाराचे छोटे एलईडी मिळतात, ते नंबरसाठी चालतात.

कानस_आणि_पाना

पत्रा ५०५२ निघाला. एक शंका: मूळ बोल्ट आता लांब वाटतात. कापू का?

पत्राकाम

कापू नका. मडगार्डच्या भोकांत धातूच्या बुशा आणि रबरं होती, त्यांची जाडी आता गेली आहे. तेवढ्याच जाडीचे स्पेसर घाला किंवा जुन्या बुशा काढून वापरा. नुसताच बोल्ट आवळत गेलात तर तो तळाला टेकतो आणि पत्रा सैलच राहतो, किंवा टोक वर येऊन वायर घासतं.

नवे एम६ बोल्ट जिथे लागतील तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) आणि रुंद वायसर वापरा, ८-१० न्यूटन मीटरच्या वर आवळू नका. जिथे क्लिप नट (पॅनलच्या कडेवर चढवलेला नट) आहे तिथे त्याच्या निम्मं पुरे. स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला जिथे टेकतो तिथे थोडं ग्रीस लावा. किनारपट्टीच्या हवेत तिथेच पांढरी भुकटी धरते. रंगाआधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला पकड घेणारा अस्तर रंग, हवाच, त्याशिवाय रंग पापुद्र्यासारखा निघतो. आणि २०० किमी चालवल्यावर सगळे बोल्ट एकदा परत तपासा, बाकाच्या दोन्ही टोकांना बॅटरी मारून बारीक तडा आहे का तेही बघा.