सायगावचं विमान : अंकातल्या लेखाबद्दल

नमस्कार मंडळी,
दिवाळी अंकासाठी ऑपरेशन बेबीलिफ्टवर, म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी तिथल्या अनाथ मुलांना विमानानं बाहेर नेण्याच्या अमेरिकन मोहिमेवर, लिहिते आहे. ४ एप्रिल १९७५ ला सायगावहून अनाथ मुलांना घेऊन निघालेलं अमेरिकन हवाई दलाचं सी-५ गॅलक्सी हे मालवाहू विमान कोसळलं. ते क्षेपणास्त्रानं पाडलं, असं मी लिहिलंय. काका, तुमची हयात विमानांच्या देखभालीत गेली. एकदा नजर टाकाल का?

---

ताई,
ते वाक्य काढा. घातपाताचा संशय तेव्हा आला होता खरा, पण दोष मागच्या मालाच्या दाराच्या कुलपांत निघाला. सुट्या भागांसाठी काही कुलपं आधी काढली होती आणि परत बसवताना ती नीट बसली नाहीत. उड्डाणानंतर सुमारे १२ मिनिटांनी, २३,००० फुटांवर दार उडालं. जाताना शेपटीकडच्या नियंत्रणाच्या केबल तोडून गेलं, आणि द्रवाच्या दाबानं विमानाची दिशा-उंची सांभाळणाऱ्या चारपैकी दोन हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. वर्षभर आधी पॅरिसजवळ डीसी-१० हे प्रवासी विमान असंच मालाचं दार उडून पडलं होतं, ३४६ माणसं गेली. कुलूप पूर्ण लागलंय का, हे हातानं चाचपून बघायचं काम कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून मला हे फार लागतं.

कॅप्टन ट्रेनर आणि सहवैमानिक हार्प यांनी इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान परत वळवलं, हे जरूर लिहा. धावपट्टीपर्यंत पोचता आलं नाही. भातखाचरात टेकलं, उसळून नदीपार गेलं, बांधावर आदळून फुटलं.

---

काका,
वाचून हात थांबले. वरच्या मजल्यावर एकेका खुर्चीत दोन-दोन तान्ही बांधली होती, त्यांतली बहुतेक वाचली. खालच्या मजल्यावरचं जवळजवळ कुणीच नाही. १३८ माणसं गेली, त्यांत ७८ मुलं. मुलांना सांभाळायला म्हणून निघालेल्या सायगावच्या अमेरिकन कचेरीतल्या बायकाही त्यांत होत्या, आणि परिचारिका मेरी क्लिंकर. रेजिना ऑन नावाची दुसरी परिचारिका मोडलेल्या पायानं मुलं बाहेर काढत राहिली, अगदी शुद्ध हरपेपर्यंत. लेखात आता त्या दोघींना जास्त जागा देते.

क्षेपणास्त्राचं वाक्य खोडलं. त्या जागी कुलपांचं तुमच्याच शब्दांत घालू का? संपादकांना मजकूर शुक्रवारपर्यंत हवाय.