ल्युपसवर कार-टी: चाचणीत नाव द्यावं का?

पैठणची_ताई: धाकट्या बहिणीला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, होऊन नऊ वर्षं झाली. लघवीतून प्रोटीन जातं आणि स्टिरॉइडने चेहरा इतका सुजलाय की आधार कार्डावरचा फोटो तिचा वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, कार-टीची चाचणी निघाली तर नाव द्याल का? म्हणजे तिच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, बदलायच्या आणि हा आजार भडकवणाऱ्या बी पेशी मारायला परत शरीरात सोडायच्या. जर्मनीत एर्लांगेनला गेओर्ग शेट यांच्या गटाने ८ ल्युपस रुग्णांना दिल्या. आठही जणांचा आजार शमला, स्टिरॉइडसुद्धा बंद झालं. माझं मत स्पष्ट आहे: जिला कुठलंच औषध लागू पडत नाही, तिला ही संधी मिळालीच पाहिजे.

औषधवाला: ताई, आठच रुग्ण, तेही तुलनेच्या गटाशिवाय. बी पेशीच मारणाऱ्या रिटक्सिमॅब या औषधाचे ल्युपसमधले सुरुवातीचे अनुभवही असेच चांगले होते. मग २५७ जणांच्या ‘एक्सप्लोरर’ चाचणीत प्लासिबोहून, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या डोसहून, फरकच दिसला नाही. शिवाय पेशी सोडण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची औषधं देतात. त्याने बीजकोषांना इजा झाली, पुढे मूल होईनासं झालं तर? मुंबईत आयआयटी आणि टाटा रुग्णालयाच्या कार-टीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती रक्ताच्या कर्करोगासाठी. तिथे जीवच पणाला लागलेला असतो. मी तरी थांबा म्हणेन.

पैठणची_ताई: सायक्लोफॉस्फमाइडची सहा सलाइनं तिने आधीच घेतलीत, तेव्हा कुणी थांबा म्हणालं नाही. आणि एक्सप्लोररमध्ये दोन्ही गटांना स्टिरॉइडचे मोठे डोस चालू होते, फरक दिसणार कसा? किडनी गेल्यावर कसली वाट बघायची?

चौदा_वर्षं_ल्युपस: मी स्वतः एका औषधाच्या चाचणीसाठी गेले होते. इंग्रजीतलं जाडजूड संमतीपत्र पुढे सरकवून ‘इथे सही करा’ म्हणाले. मराठी प्रत मागितली, तर समोरच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. उठून आले. आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्क आहे, आणि चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाईही आहे. हे विचारल्याशिवाय पेन उचलायचं नाही. पण ताई, एवढं सगळं तुम्ही लिहिलंत, बहीण काय म्हणते ते कुठेच नाही. सही तिची असणार ना?

पैठणची_ताई: खरंय, विचारलंच नव्हतं. काल रात्री विचारलं. तिने वहीत दोन प्रश्न लिहून ठेवलेत: स्त्रीबीजं आधी गोठवून ठेवता येतील का, आणि पेशी सोडल्यावर किती दिवस दवाखान्यात राहावं लागेल. मी अजूनही नाव द्यावं याच मताची आहे. ती म्हणाली, शुक्रवारी डॉक्टरांशी मी बोलेन, तू बाहेर बस.