दर दोन तासांनी खा, की सोळा तास उपाशी राहा? मला दोन्ही सांगणी चुकीची वाटतात

उंबरठा (धागा सुरू करणारी):

गेल्या महिन्यात एका सकाळी आई स्वयंपाकघरात खुर्चीत बसलेली दिसली. कपाळावर घाम, हात थरथरत होते आणि साध्या प्रश्नाचं उत्तर तिला जुळवता येईना. बोट टोचून साखर पाहिली, तर ५२. ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा ८१ झाली होती आणि आईला हुशारी आली होती. तिने कुणाचं तरी ऐकून १६:८ सुरू केलं होतं, म्हणजे सोळा तास उपाशी आणि उरलेल्या आठ तासांतच खाणं. पहिलं जेवण दुपारी एकला, पण मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीसारखी सकाळी आठला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो.

माझा राग उपवासावर नाही, छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर आहे. याच आईला काही वर्षांपूर्वी सांगितलं होतं की दर दोन तासांनी खाल्लं नाही तर मेटाबॉलिझम मंदावतो. आता सांगतात, दोनदाच खा, नाहीतर चरबी हलणारच नाही.

पहिल्या समजुतीचा हिशोब तर घरी करून बघता येतो. अन्न पचवायला शरीराला ऊर्जा लागते, मिश्र आहारात खाल्लेल्या कॅलरींच्या साधारण १० टक्के. हा खर्च किती खाल्लं त्यावर ठरतो, किती वेळा खाल्लं त्यावर नाही. १८०० कॅलरी तीन खेपांत घेतल्या तर दर खेपेला ६० खर्च, एकूण १८०. सहा खेपांत घेतल्या तर दर खेपेला ३०, एकूण पुन्हा १८०. २०१० साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात हेच पाहिलं होतं. दोन्ही गटांना सारखाच कमी आहार, एकाला तीन खेपांत, दुसऱ्याला सहा. आठ आठवड्यांनी वजनात फरक नव्हता.

दुसऱ्या बाजूचं. २०२० साली जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये ११६ जणांवरचा १६:८ चा प्रयोग आला. बारा आठवड्यांत उपवासाच्या गटाचं वजन सरासरी ०.९४ किलोने उतरलं, तीन वेळा जेवणाऱ्यांचं ०.६८ किलोने. घड्याळाने वजन उतरतं असं म्हणायला एवढा फरक पुरत नाही.

पहाटवारा:

ताई, आईंचं वाचून काळजात चर्र झालं. पण चूक गोळीच्या वेळेची, उपवासाची नव्हे. मी १६:८ वर नऊ किलो उतरवलेत आणि दीड वर्ष ते टिकलेत. त्याआधी सहा खेपांचा तक्ता पाळायचो तेव्हा दिवसभर डोक्यात खाण्याचाच विचार असायचा. दर वेळी खाल्लं की इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन वर असताना चरबी बाहेर पडत नाही, हे तर शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे.

आणि तुमच्या त्या प्रयोगात लोक दुपारी बारा ते रात्री आठ खात होते. सकाळी लवकर खाऊन दुपारनंतर थांबण्याचा प्रयोग २०१८ साली सेल मेटाबॉलिझममध्ये आला आहे. वजन न उतरताही इन्सुलिनचा परिणाम सुधारला, रक्तदाब उतरला. तो का सोडलात?

उंबरठा:

सोडायला नको होता, मान्य. पण त्यात फक्त आठ पुरुष होते, प्रीडायबेटिस (मधुमेहाच्या आधीची पायरी) असलेले, आणि शेवटचं खाणं दुपारी तीनच्या आत. त्यावरून खाण्याच्या वेळेला महत्त्व असावं असं वाटतं आणि मला ते पटतं. पण संध्याकाळी उशिरापर्यंत खाणाऱ्याच्या १६:८ ला तो दाखला लागू होत नाही.

इन्सुलिनचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. जेवणानंतर चरबी साठते, दोन जेवणांच्या मध्ये आणि झोपेत ती वापरली जाते. साठलेली जास्त की वापरलेली, हे चोवीस तासांच्या, खरं तर आठवड्यांच्या बेरजेवर ठरतं. २०२२ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये चीनमधला १३९ जणांचा, वर्षभराचा प्रयोग आला. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, एका गटाने त्या सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच घेतल्या. त्यांचे ८ किलो गेले, दुसऱ्यांचे ६.३. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक उतरला नाही. तुमचे नऊ किलो खरे आहेत, मेहनत तुमची आहे. रात्रीचं चरणं बंद झालं म्हणून ते गेले, असं मला वाटतं.

पहाटवारा:

रात्रीचं चरणं बंद झालं हे खरं. पण ते बंद कशाने झालं? घड्याळाच्या नियमानेच ना? मग नियमाला श्रेय द्या की. कॅलरी मोजणं मला कधीच जमलं नाही. आठनंतर काही नाही, हे जमलं.

सावकाश:

मी थोडं थोडं खाणाऱ्यांपैकी. मला अर्धशिशी आहे, जेवण चुकलं की दुपारपर्यंत डोकं उठतंच. शिवाय उपाशी राहिलं की शरीर दुष्काळ पडला असं समजून चरबी साठवायला लागतं ना? आणि २०२४ मध्ये बातमी आली होती की आठ तासांत खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण ९१ टक्के जास्त. हे सगळं लपवून १६:८ विकतात.

नाडी:

सावकाश, अर्धशिशीचं तुमचं कारण पक्कं आहे, त्यावर वाद नको. पण दुष्काळाचं नाही पटत. २०००च्या सुमारास व्हिएन्नात अकरा निरोगी माणसांना चार दिवस उपाशी ठेवून मोजमाप केलं होतं. पहिले काही दिवस विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च वाढला, सोबत नॉरएपिनेफ्रिन हे शरीराला सतर्क करणारं संप्रेरकही वाढलं. खर्च घटतो तो महिनोन् महिने अर्धपोटी राहिल्यावर. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ तरुणांना २४ आठवडे अपुरं अन्न देऊन अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ते नोंदवून ठेवलं. एक जेवण चुकण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दातांचंही बोलायला हवं, कारण ते कुणी बोलत नाही. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातांवरच्या थरात आम्ल तयार होतं, ५.५ च्या खाली सामू (पीएच, आम्लपणाचं माप) गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. लाळ ते सावरून घेते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो. दिवसभर तोंड चालू असेल तर लाळेला उसंत मिळत नाही.

उंबरठा:

त्या ९१ टक्क्यांबद्दल मी उपवासवाल्यांच्या बाजूने बोलेन. अमेरिकेतल्या सुमारे वीस हजार लोकांना दोन दिवसांचं खाणं विचारलं आणि तेवढ्यावरून त्यांचे गट पाडले. त्यात कामाच्या पाळ्यांमुळे जेवण चुकणारे, आजारपणाने भूक गेलेले, सगळेच आले असणार. त्यावरून उपवासाने हृदय बिघडतं असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

पहाटवारा:

आभार. आणि ऑटोफॅजी? सोळाव्या तासाला पेशींची साफसफाई सुरू होते म्हणतात.

नाडी:

जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल त्यावर मिळालं, पण त्यांचं मूळ काम यीस्टवरचं. ही साफसफाई आपल्या पेशींत कमी-अधिक सतत चालूच असते. उपासमारीत ती वाढते हे प्राण्यांत दिसलंय. माणसात सोळाव्या तासाला बटण दाबल्यासारखी ती सुरू होते, हे कुणी दाखवलेलं नाही.

पहाटवारा:

बरं. एक विचारतो, ताई. माझं बघून बाबांनीही सकाळचं खाणं सोडलंय. त्यांना मधुमेह आहे. गोळ्या कुठल्या ते मी कधी पाहिलंच नाही.

उंबरठा:

आत्ता बघा, दादा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन असेल तर साखर एकदम उतरू शकते. नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असेल तर धोका वेगळा आहे. उपाशीपणात कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊ शकतो आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली नसते, म्हणजे मीटर बघून कळणार नाही. मळमळ, पोटात दुखणं, धाप लागणं याकडे लक्ष ठेवा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. आईची वेळ आणि मात्रा डॉक्टरांनीच बदलून दिली.

पहाटवारा:

पाकिटं काढली. एक ग्लिमेपिराइड आहे, दुसऱ्याच्या नावात शेवटी ग्लिफ्लोझिन आहे. बाबांना आधी खायला बसवलंय. डॉक्टरांना फोन लावतोय.